चित्रपट-तारकांच्या जुन्या स्वाक्षऱ्या : अस्सलतेचा प्रश्न

इतिहासाचे साधन म्हणून स्वाक्षरीचे मूल्य ती कोणाच्या हातची आहे, यावर ठरते. हॉलिवूडच्या स्टुडिओ-युगातील स्वाक्षऱ्यांबाबत हा निर्णय कठीण असतो. कारण चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे काम बहुधा चिटणीस अथवा कुटुंबीय करीत. जीन हार्लो (१९११-१९३७) या अभिनेत्रीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. चाहत्यांना पाठविलेल्या तिच्या बहुसंख्य छायाचित्रांवर तिच्या आईने सही केलेली आहे. विशेष म्हणजे 'जीन हार्लो' हे मुळात आईचेच माहेरचे नाव. मुलीचे मूळ नाव हार्लीन कार्पेंटर.

अशा स्वाक्षरीच्या परीक्षणात धनादेश, करारपत्रे यांवरील निःसंशय सह्यांशी अक्षरवळण, ओघ व लेखणीचा दाब ताडून पाहावा लागतो. तिरप्या प्रकाशात शाईची रेघ कागदावर वेगळी उठून दिसते; छायाचित्रातच उतरविलेली सही तशी दिसत नाही.

संग्राहकाला मोह असतो तो तारकेच्या हस्तस्पर्शाचा. आईच्या सहीत तो नाही, म्हणून ती अस्सल ठरत नाही. तथापि तारकेची प्रतिमा किती हातांनी घडविली जाई, याचा ती अस्सल पुरावा होय. तेव्हा अशी सही टाकून न देता तिची नोंद लिहिणाऱ्या हाताच्या नावे करणे, हेच इतिहासदृष्ट्या उचित ठरते.