बोगदे आणि नाके

बालाघाट शहरापासून थोड्याच अंतरावर भरवेली हे गाव आहे. आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत तेथील खाणीची गणना होते. ही खाण मध्य प्रदेशात आहे. ती चालविणाऱ्या सरकारी कंपनीचे, म्हणजे मॉइलचे, मुख्य कार्यालय मात्र महाराष्ट्रात, नागपूरला आहे. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बनला, त्यामुळे या मुलखाचे वैनगंगेच्या खालच्या अंगाशी असलेले नाते जुनेच म्हटले पाहिजे. या नात्याचा एक धागा लोखंडी होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियापासून बालाघाट, नैनपूर या मार्गाने जबलपूरपर्यंत अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकला. गोंदियावरून जाणारा नागपूर-हावडा हा हमरस्ता मात्र साडेपाच फूट रुंदीचा होता.

या तीन फुटांच्या फरकाने गोंदियाला एका नाक्याचे स्वरूप आले. सातपुड्यातून लहान गाडीने आलेला माल तेथे उतरवावा लागे आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे. पुढील मार्ग कितीही प्रशस्त असो, नाक्यावर जेवढा माल दिवसभरात हलेल तेवढाच पुढे जाणार, हे उघडच होते. १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले, तेव्हा मध्य प्रांतातील मँगनीजला समुद्र गाठण्यासाठी जवळची वाट मिळावी हा त्यामागील प्रमुख हेतूंपैकी एक होता. परंतु बंदर मोठे केले म्हणून मार्गातील मापबदलाचे ठिकाण आपोआप मोठे होत नाही. वाहतुकीच्या साऱ्या इतिहासाचे हे एक सूत्र आहे: दोन भिन्न व्यवस्था जेथे भेटतात, तेथेच खोळंबा होतो.

या अडचणीवर युरोपात एक निराळी युक्ती निघाली. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील काही अरुंद मार्गांवर माल उतरविण्याऐवजी मोठ्या मार्गाचा भरलेला डबाच्या डबा लहान चाकांच्या गाड्यावर चढवीत आणि मुक्कामी पोहोचल्यावर तसाच उतरवून घेत. आतील मालाला हातही लागत नसे. वाटेतील रुळांना डब्यात काय आहे याची खबर नसे. माल बदलण्याऐवजी मालाला नवे वाहन देणे, एवढेच या युक्तीचे मर्म. आज संगणकांच्या जाळ्यात ज्याला ‘टनेल’ किंवा बोगदा म्हणतात, त्याचे मर्मही नेमके हेच आहे. फरक इतकाच की येथे डबा म्हणजे माहितीचे पाकीट, आणि गाडा म्हणजे त्याच्यावर चढविलेले दुसरे पाकीट.

ही कल्पना एकाएकी अवतरली नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट हे जाळे सुरू झाले. पुढे रेडिओवर चालणारी आणि उपग्रहावर चालणारी जाळी निघाली. प्रत्येकाचे माप वेगळे, रीत वेगळी. मे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. जाळ्याजाळ्यांच्या सीमेवर ‘गेटवे’ नावाचे यंत्र बसवावे, त्याने एका जाळ्याचे वेष्टन उतरवून दुसऱ्याचे चढवावे आणि आतील मजकूर अबाधित ठेवावा, असा त्यांच्या योजनेचा गाभा होता. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने ही नवी रीत स्वीकारली आणि आजच्या इंटरनेटचा पाया घातला गेला.

भारतात या इतिहासाचे पहिले प्रकरण मुंबईत, जुहू येथे घडले. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट ही योजना हाती घेतली. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि स्वतः तो विभाग, असे आठ सहभागी तीत होते. आरंभी टेलिफोनच्या तारेवरून केवळ पत्रव्यवहार चाले. १९९२ च्या सुमारास या संस्था सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या खास तारांनी जोडल्या गेल्या आणि जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४,००० बिटांचा दुवा सुरू झाला. देशातील विद्वानांची परदेशी पत्रे या एका वेशीतून ये-जा करीत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही परदेशाची वेस सरकारी आणि एकच राहिली. १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्या आल्या. परंतु दोन भारतीय ग्राहकांमधील निरोपही कित्येकदा परदेशाला वळसा घालून येई. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. हा वळसा टाळण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली आणि देशातील पाकिटे देशातच बदलून घेण्याची सोय झाली. एकच वेस रुंद करीत बसण्यापेक्षा वेशी वाढवाव्यात आणि त्या वस्तीजवळ आणाव्यात, हा धडा येथे प्रथम मिळाला.

बोगद्याच्या कल्पनेला मान्य रूप आले ते याच सुमारास. ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘जीआरई’ या नावाने पाकिटात पाकीट घालण्याची एक सर्वसाधारण रीत लिहून प्रसिद्ध झाली. अशा बोगद्याला दोन तोंडे असतात. एका तोंडाशी पाकिटावर नवा पत्ता चिकटतो, दुसऱ्या तोंडाशी तो निघतो. मधली सारी यंत्रे फक्त बाहेरचा पत्ता वाचतात. एका शहरात मुख्य कार्यालय आणि दोन राज्यांत विखुरलेली ठाणी, अशी ज्या संस्थेची रचना असते, तिला सार्वजनिक जाळ्यातून आपली खासगी वाट काढण्यास ही युक्ती फार सोयीची पडली. तोंडे थोडी होती, वाहतूक बेताची होती. तोवर सारे सुरळीत चालले.

खरी कसोटी पुढे लागली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एकाच यंत्राच्या पोटात अनेक आभासी संगणक नांदू लागले आणि हजारो यंत्रांची प्रचंड कोठारे उभी राहिली. या यंत्रांना जोडणारे उपकरण म्हणजे स्विच. एका स्विचवरील निरनिराळ्या ग्राहकांची वाहतूक वेगळी राखण्यासाठी १९९८ पासून ‘व्हीलॅन’ची रीत प्रमाण मानली जात होती. तीत ओळखक्रमांकासाठी बाराच बिट राखलेले असल्याने वापरण्याजोगे क्रमांक ४,०९४ एवढेच मिळत. जेथे ग्राहक लाखांनी मोजायचे, तेथे ही संख्या कशी पुरणार? ऑगस्ट २०१४ मध्ये ‘व्हीएक्सलॅन’ ही नवी रीत प्रसिद्ध झाली. तीत क्रमांकाला चोवीस बिट मिळाले, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक ओळखी. आता बोगद्याचे तोंड शहराच्या वेशीवर न राहता थेट स्विचमध्ये येऊन बसले.

या सोयीची किंमतही द्यावी लागली. प्रत्येक पाकिटावर सुमारे ५० बाइटांचे जादा वेष्टन चढू लागले. नेहमीचे १,५०० बाइटांचे पाकीट जुन्या मापाच्या वाटेत मावेना, म्हणून वाटेतील प्रत्येक स्विचचे माप वाढवावे लागले. दुसरी अडचण याहून बिकट होती. एका गटातून दुसऱ्या गटात जाणाऱ्या पाकिटांसाठी आरंभी कोठाराच्या मध्यभागी एखादाच मोठा गेटवे ठेवीत. शेजारशेजारच्या दोन यंत्रांना बोलायचे झाले, तरी गट भिन्न असल्यास निरोप मध्यभागी जाऊन परत येई. तेथे गर्दी झाली की सारे कोठार खोळंबे, आणि तो बंद पडला की गटागटांतील व्यवहारच थांबे. गोंदियाच्या नाक्याचाच हा नवा अवतार होता.

तोड निघाली ती दोन दिशांनी, आणि त्यांतली एक बरीच जुनी होती. १९५३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी टेलिफोन केंद्रांसाठी एक रचना मांडली होती: एक अवाढव्य स्विच बांधण्यापेक्षा अनेक लहान स्विच थरांनी जोडावेत, म्हणजे कोणत्याही दोन टोकांमध्ये वाट मोकळी मिळते. सहा दशकांनंतर हीच रचना संगणकांच्या कोठारांत रूढ झाली. खालच्या थरातील प्रत्येक स्विच वरच्या थरातील प्रत्येक स्विचला जोडलेला असतो. व्हीएक्सलॅनच्या बाहेरील वेष्टनात आतील संभाषणावरून काढलेला एक क्रमांक असतो. त्यामुळे निरनिराळी संभाषणे निरनिराळ्या वाटांनी वाटली जातात, आणि एकाच संभाषणातील पाकिटांचा क्रमही मोडत नाही.

दुसरी तोड म्हणजे नाकेच वाटून टाकणे. खालच्या थरातील प्रत्येक स्विचला गेटवेचे काम दिले, आणि सर्वांना एकच पत्ता दिला. यंत्राने त्या पत्त्यावर हाक मारली की त्याच्या सर्वांत जवळचा स्विच ओ देतो. आभासी संगणक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हलविला, तरी त्याला वेस बदलल्याचे कळत नाही. मात्र नाके शेकड्यांनी झाले की कोण कोठे राहतो हे सर्वांना कळावे कसे, हा प्रश्न उरतोच. पूर्वी अनोळखी पत्ता आला की दवंडी पिटून शोध घेत; जाळे वाढले तशी ही दवंडीच ओझे होऊन बसली. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईव्हीपीएन’ या रीतीत प्रत्येक स्विच आपल्या रहिवाशांची यादी आपणहून कळवितो. शंभर स्विचांनी परस्परांशी एकेकटे बोलायचे ठरविल्यास ४,९५० जोड्या होतात. मध्ये दोन मध्यस्थ नेमले की प्रत्येकाला दोघांशीच बोलावे लागते. शिवाय दोन्ही टोकांच्या नाक्यांनी आपापल्या वाट्याचे काम केले, तर कोणत्याही स्विचला साऱ्या गटांचा संसार सांभाळावा लागत नाही. आपल्या पदरी असलेले गट सांभाळले म्हणजे पुरते. स्विचची स्मृती मर्यादित असते. म्हणून विस्ताराचे खरे गमक किती बोगदे खणले यापेक्षा प्रत्येक तोंडाला किती लक्षात ठेवावे लागते, यात आहे.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. बोगदा आतला माल झाकतो, पण त्याला कुलूप लावीत नाही. व्हीएक्सलॅनमध्ये स्वतःची गुप्तलेखनाची सोय नाही, ती निराळी करावी लागते. आणि अनेक नाक्यांना एकच पत्ता दिला की एका ठिकाणची चूक चटकन नजरेस येत नाही. बाहेरून सारे ठीक दिसत असता आत एखाद्याच वस्तीची वाट बंद असू शकते. अधिकार वाटला की दक्षताही वाटावी लागते.

सातपुड्याच्या लहान गाडीचा निरोप आता घेतला गेला आहे. गोंदिया-बालाघाट मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाला आणि पुढे जबलपूरपर्यंतचा सारा मार्गच एका मापाचा झाला. रेल्वेला हे शक्य झाले, कारण तिचा मालक एक होता. संगणकांच्या जाळ्याला एक मालक नाही. तेथे मापे निराळी राहणारच, आणि म्हणून बोगदे व नाकेही राहणारच. प्रश्न उरतो तो ते कोठे असावेत एवढाच. नाका दूर असला की त्याचा भुर्दंड सर्वांत आधी टोकाच्या गावाला पडतो, हे भरवेलीसारख्या गावांनी लोहमार्गाच्या काळीच अनुभवले. नव्या जाळ्याच्या रचनाकारांनी वेस वस्तीजवळ नेण्याचा मार्ग धरला, यात कौशल्य आहेच. त्याहून अधिक त्यात न्याय आहे.