सातबारा, कार्ड आणि डिग्री

बारावीचे निकाल लागले की फोन सुरू होतात. "बी.ए.ला टाकू का बी.एस्सी.ला?" इथून सुरुवात होते आणि गाडी शेवटी एकाच प्रश्नावर येते, "भाऊ, याच्यानं नोकरी लागते का?" याचं सरळ उत्तर द्यायचं तर जरा मागं जावं लागेल.

आपल्या भागात नोकरी डिग्रीच्या वाटेनं फारशी आलीच नाही. ती जंगलातून आणि जमिनीखालून आली. बल्लारपूरच्या पेपर मिलची कंपनी 1945 ची, बांबूच्या भरवशावर उभी राहिलेली. साठच्या दशकात भद्रावतीला आयुध निर्माणी आली. 1973 मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 1975 मध्ये वेकोलि स्थापन झाली. ऐंशीच्या दशकात थर्मल पॉवर स्टेशन सुरू झालं, कोरपना-राजुऱ्याकडं सिमेंटच्या चिमण्या उभ्या राहिल्या. यांना माणसं हवी होती ती फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, म्हणजे आयटीआयवाली. बाकी बऱ्याच नोकऱ्या ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात गेल्या. म्हणून खाणपट्ट्यात एक काळ असा होता की सातबारा हीच डिग्री. एम.ए. झालेला पोरगा घरी बसलेला आणि शेजारचा दहावी नापास शेतीच्या बदल्यात खाणीत लागलेला, हे चित्र घुग्गुस, माजरीकडच्या लोकांना नवं नाही.

मग पदवीधर जायचा कुठं? मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, वनखातं, झेडपीतला बाबू. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवं कलेक्टर ऑफिस, नवी जिल्हा परिषद, नव्या शाळा. तिथं कारखाने नव्हतेच, त्यामुळं सरकार हाच सगळ्यात मोठा मालक झाला. डिग्री म्हणजे सरकारी नोकरी, हे समीकरण तेव्हापासून घट्ट बसलं.

त्या नोकरीचं दार म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. 1959 च्या कायद्यानं सरकारी कचेऱ्यांना आणि 25 किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा तिथं कळवणं बंधनकारक केलं. कार्ड काढायचं, मुदत संपली की रिन्यू करायचं आणि 'कॉल'ची वाट पाहायची. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एक्स्चेंजच्या यादीवर थांबू नका, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन इतरांनाही संधी द्या. निर्णय बरोबरच होता, पण त्यामुळं कार्डाचं वजन उतरलं. माझ्या पिढीनं पदवीनंतर रांगेत उभं राहून कार्ड काढलं ते त्यानंतर. पाकिटात जपून ठेवलेल्या त्या कागदाची किंमत आधीच गेली आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगणारं कोणी नव्हतंच.

1923 पासून आपलं विद्यापीठ म्हणजे नागपूर. सिरोंचाच्या पोराला मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायला तिथवर जावं लागायचं. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि ही पायपीट बरीच कमी झाली. पण विद्यापीठ जवळ आलं, तशी नोकरी जवळ आली का?

कॉलेजांत आता 'प्लेसमेंट सेल' आहे. नॅकच्या मूल्यांकनात 'विद्यार्थी सहाय्य व प्रगती' असा निकष आहे, किती विद्यार्थ्यांना काम मिळालं हे त्यात विचारलं जातं. त्यामुळं सेल असावाच लागतो. मी पाहिलेल्या काही कॉलेजांत तो म्हणजे एका प्राध्यापकाकडं दिलेला जादा कार्यभार, एक रजिस्टर आणि मेळाव्याचे फोटो. दोष त्या सरांचा नाही. त्यांना ना वेळ, ना पैसा, ना कंपन्यांशी ओळख.

आणि गडचिरोलीत हे काम कोण करतंय बघा. पोलीस! 'दादालोरा खिडकी'तून प्रशिक्षण, रोजगार मेळावे, दाखल्यांची कामं होतात. पोलीस भरतीत गोंडी-माडियाचा पेपर असतो, म्हणजे पोराची घरची भाषा तिथं मार्क मिळवून देते. चांगलंच आहे. पण पदवीधराला नोकरीची वाट पोलिसांनी दाखवावी लागते, यावर शिक्षण खात्यानं विचार करायला हवा.

आता लोखंडाची पाळी आहे. सुरजागडची खाण 2021 पासून पुन्हा जोरात आहे, कोनसरीला कारखाना उभा झालाय. विद्यापीठानं अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी त्या कंपनीशी हातमिळवणीही केली. पण आपली बहुतेक पोरं बी.ए., बी.कॉम.ची. त्यांच्यासाठी काय? काम नाही असं नाही. 2009 मध्ये मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, नंतर शेकडो ग्रामसभांना मिळाला. तेंदू-बांबूचे लिलाव ग्रामसभा स्वतः करतात. त्यांना हिशेब, निविदा, करार, नकाशे, ऑडिट येणारी माणसं लागतात. गोंडी येणारा बी.कॉम. पोरगा याहून योग्य कुठं सापडेल? पण ही वाट त्याला तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी सांगत नाही. तो अभ्यासिकेत बसतो, पहाटे ग्राउंडवर 1600 मीटर पळतो, जाहिरातीची वाट बघतो आणि वय निघून गेलं की गावकऱ्यांसोबत मिरची तोडायला तेलंगणात जातो.

तर त्या फोनवाल्या पालकांना माझं उत्तर असं. डिग्री करू द्या, पण ॲडमिशनच्या दिवशी कॉलेजात बसून विचारा: मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती पोरं होती? त्यातली किती कामाला लागली? कुठं, किती पगारावर, आणि सहा महिन्यांनी तिथं टिकली किती? मेळाव्यात 'निवड' झालेल्यांचा आकडा नको, रुजू झालेल्यांचा हवा.

आकडा नसेल तर भांडू नका. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन विचारा. दहा पालकांनी विचारलं तर कॉलेज मोजायला लागेल, आणि मोजायला लागलं तर काहीतरी करायला लागेल. सातबाऱ्याचा काळ गेला, कार्डाचाही गेला. डिग्रीचा जाण्याआधी विचारलेलं बरं.

तुमच्या तालुक्यात काय उत्तर मिळालं, ते जरूर कळवा.