दालमंडी : एका रात्रवस्तीचे स्थित्यंतर आणि साहित्याची साक्ष

वाराणसीतील नई सडक आणि चौक यांना जोडणारी दालमंडी ही सुमारे 650 मीटर लांबीची गल्ली. नाव डाळीच्या बाजाराचे. हिंदी साहित्यातील तिची ओळख मात्र तवायफांची वस्ती अशी आहे. तळमजल्यावर दुकाने आणि वर कोठे, अशी या गल्लीची रचना होती. दिवसाचा आणि रात्रीचा व्यापार एकाच इमारतीत, वेगवेगळ्या जिन्यांनी चाले. शहरातील रात्रवस्त्यांचा इतिहास बहुधा वैभव, अधःपतन आणि शुद्धीकरण या क्रमाने सांगितला जातो. दालमंडीच्या बाबतीत हा क्रम टिकत नाही. तिला हलविण्याची चर्चा कादंबरीत झाली, प्रत्यक्ष वस्ती मात्र निराळ्याच कारणांनी ओसरली, आणि तिची कला तिच्याआधीच अन्यत्र जाऊन स्थिरावली होती.

या वस्तीला शहरापासून तोडून पाहणे हीच मुळात सुधारकी दृष्टी होय. होळीनंतरच्या ‘बुढवा मंगल’ उत्सवात गायिकांच्या नौका गंगेवर असत आणि रईस, महाजन व संस्थानिक त्या ऐकत. जेम्स प्रिन्सेपने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात प्रसिद्ध केलेल्या काशीच्या चित्रमालिकेत या उत्सवाला स्थान आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या बालपणीच्या आठवणीही याच संदर्भात लक्षणीय ठरतात. बालाजी मंदिरात रियाजाला जाताना ते मुद्दाम रसूलनबाई आणि बतूलनबाई या भगिनींच्या घरावरून जाणारी वाट धरीत. मंदिर आणि कोठा यांच्यामधली ही पायवाट कोणत्याही नगररचनेच्या नकाशात सापडत नाही. संगीताच्या इतिहासात मात्र ती मोठी आहे.

प्रेमचंदांच्या ‘सेवासदन’चा (हिंदी 1919, उर्दू ‘बाज़ार-ए-हुस्न’ 1924) विषय नेमका हाच आहे. मूळ लेखन उर्दूत, प्रकाशन आधी हिंदीत. आणि दोन्ही भाषांतील शीर्षकांत जमीन-अस्मानाचे अंतर. उर्दू शीर्षक बाजाराकडे बोट दाखविते, हिंदी शीर्षक आश्रमाकडे. मराठी वाचकाला या दुसऱ्या शीर्षकाने पुण्याच्या, रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाची (1909) आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यावरून प्रभावाचा सिद्धान्त मांडण्याची गरज नाही; त्या दोन दशकांत ‘सेवा’ आणि ‘सदन’ हे शब्द स्त्रीप्रश्नाच्या उत्तरासाठी किती सहज हाताशी होते, एवढे त्यावरून दिसते.

कादंबरीतील विडंबना बारकाईने पाहण्याजोगी आहे. सुमन ही गृहिणी शेजारच्या भोलीबाईला आधी तुच्छ लेखते. पण रामनवमीला शहरातील प्रतिष्ठितांसमोर मंदिरात तीच गाताना दिसते, तेव्हा सुमनच्या मनातील मानमर्यादेचे माप ढळते. वकील पद्मसिंह म्युनिसिपालिटीवर निवडून आल्याच्या आनंदात भोलीचा मुजरा ठेवतात. तो ऐकून उशिरा परतलेल्या सुमनला पती घराबाहेर काढतो आणि ती दालमंडीत पोचते. पुढे तेच पद्मसिंह तवायफांना शहराच्या मध्यवर्ती भागातून हलवावे, उद्याने व फिरण्याच्या जागा त्यांना बंद कराव्यात, नाच करविण्यावर जबर कर बसवावा, असा ठराव आणतात. ठरावावरील चर्चेत हिंदू आणि मुसलमान सभासदांच्या मतांची बेरीज-वजाबाकी चालते; वस्तीतील भाडी कोणाच्या खिशात जातात, हेही त्यात निसटून जाते. प्रेमचंदांचा निवाडा सुधारकांच्या बाजूचा आहे, यात शंका नाही. तरीही या प्रकरणांत कादंबरीकार आपल्या निवाड्यापेक्षा अधिक पाहतो. 1938 मध्ये के. सुब्रह्मण्यम यांनी तिच्यावर तमिळ चित्रपट केला आणि त्यात सुमनची भूमिका देवदासी परंपरेतील घराण्यात जन्मलेल्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केली, हा योगायोग तौलनिक अभ्यासकाने नजरेआड करू नये.

याच दशकाच्या संदर्भात पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांचे ‘चॉकलेट’ (1927) दालमंडीशेजारी ठेवून वाचावे लागते. चुनारचे, काशीत शिकलेले उग्र ‘मतवाला’ साप्ताहिकात 1924 पासून पुरुषांच्या पुरुषांविषयीच्या आकर्षणावर कथा लिहू लागले. हेतू निषेधाचा असल्याचे ते सांगत. बनारसीदास चतुर्वेदी यांनी मात्र त्याला ‘घासलेटी’ साहित्य ठरवून मोहीम उघडली. इथे मोलाचा फरक असा की, ‘सेवासदन’मधील तवायफांना पत्ता आहे, ‘चॉकलेट’मधील पुरुषांना तो नाही. ते कुठल्या एका मोहल्ल्यात राहत नाहीत. घरात, मित्रमंडळींत, शिक्षणसंस्थांच्या परिसरात वावरतात. म्हणून त्यांच्याविषयी म्युनिसिपालिटीत ठराव येऊ शकत नाही. वाद पुस्तकाच्या अश्लीलतेवर होतो आणि प्रसंग आल्यास 1860 च्या दंडसंहितेतील कलम 377 पुढे येते. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांवरही ते कलम लागू होते. पाश्चात्त्य महानगरांत समलिंगी वस्त्यांचा उदय आणि ऱ्हास ज्या रस्त्यांच्या आधारे लिहिला जातो, तसा रस्ता काशीच्या या लेखनात नाही. रात्रीला पत्ता मिळाला की ती ओळखीची होते. त्याच पत्त्यावर नोटीसही येते.

दालमंडी प्रत्यक्षात ओसरली ती अनेक बाजूंनी. 1951 च्या उत्तर प्रदेश जमीनदारी उन्मूलन कायद्याने आश्रयदात्यांचे उत्पन्न आटले. 1956 च्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्याने गाणारी आणि देहविक्रय करणारी यांतील भेद पोलिसांपुरता तरी पुसला. आकाशवाणीने गाणे स्वीकारले, गाणारीच्या चारित्र्याची मात्र झडती घेतली. 1952 ते 1962 या काळात त्या खात्याचे मंत्री बा. वि. केसकर हे मराठी आणि काशी विद्यापीठाशी निगडित होते. रसूलनबाईंची कारकीर्द या संक्रमणाची साक्ष देते. 1957 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1969 च्या अहमदाबादच्या दंगलीत घर जळणे, 1974 मध्ये निधन. त्यांच्या एका प्रसिद्ध भैरवी ठुमरीच्या 1935 च्या ध्वनिमुद्रिकेत देहसूचक शब्द आहे. पुढे रूढ झालेल्या पाठात त्याच्या जागी काळजाचा शब्द आला. सबा दिवाण यांनी ‘द अदर साँग’ (2009) या माहितीपटात या एका शब्दाचाच माग काढला आहे. वस्ती हलविण्याआधी शब्द हलविला गेला, असे म्हणता येईल.

पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा एक प्रवाह त्यापूर्वीच महाराष्ट्रात पोचला होता. गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’ (1911) साठी बांधलेल्या चालींत ही ढब आहे, आणि त्या भामिनीच्या वेषातील बालगंधर्वांच्या गळ्यातून घरंदाज प्रेक्षकांपर्यंत गेल्या. कोठ्यावरच्या स्त्रीचा स्वर कुलीन ठरला तो स्त्रीवेषातील पुरुषाच्या गळ्यात. नाट्यसंगीताच्या मराठी इतिहासांत या ऋणाचा उल्लेख येतो; ऋणको-धनकोंचे सामाजिक अंतर मात्र क्वचितच मोजले जाते.

कोठे बंद झाल्यावर दालमंडी रिकामी राहिली नाही. वरच्या मजल्यांवर गोदामे आली, खाली सौंदर्यप्रसाधने, लग्नसराईच्या वस्तू, विजेची उपकरणे आणि मोबाइल यांची दुकाने दाटली. 13 डिसेंबर 2021 रोजी काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले आणि यात्रेकरूंची गर्दी वाढली. मंदिराकडे जाणारा मार्ग म्हणून ही गल्ली रुंद करण्याची योजना पुढे आली आणि 2025 च्या ऑक्टोबर अखेरीस पाडकामाला सुरुवात झाली. वाद झाला तो घरमालक, भाडेकरू दुकानदार आणि मार्गात येणाऱ्या मशिदींविषयी. ‘सेवासदन’मधील ठरावाला रस्त्यावरून जाणाऱ्याची दृष्टी विटाळण्याची चिंता होती, या योजनेच्या कागदांत मोजली गेली ती रस्त्याची रुंदी.