नकाराची शिकवण

‘बरोबर’ या शब्दाने हाती असलेला नियम पक्का होतो. ‘चूक’ हा शब्द मात्र काय खरे नाही एवढेच सांगतो. काय खरे आहे, हे शोधण्याचा भार ऐकणाऱ्यावरच राहतो. सरकारी कचेरीत ज्यांचे टिपण केवळ ‘अमान्य’ या शेऱ्यानिशी परत आले असेल, त्यांना हा भार निराळा सांगावयास नको.

या प्रश्नाचा शास्त्रीय शोध फार जुना नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांचे प्रयोग प्रसिद्ध केले. निष्फळ धडपड हळूहळू गळून पडते आणि सुटकेची क्रिया तेवढी टिकते, असे त्यास आढळले. पुढे माणसांवर प्रयोग करून १९३२ साली त्याने आपलेच मत सुधारले: ‘बरोबर’ने सवय जितकी दृढ होते, तितकी ‘चूक’ने ती ढिली होत नाही.

मग नकारातून शिकण्यास मेंदूचा कोणता भाग साहाय्य करतो? विस्कॉन्सिन येथे तयार झालेली पत्त्यांची एक चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. पत्ते रंगाने लावावयाचे, आकृतीने की संख्येने, हे सांगितले जात नाही. परीक्षक फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो. नियम सापडून तो स्थिरावला, की परीक्षक तो गुपचूप बदलतो.

अपस्मारावरील उपचार म्हणून ज्यांच्या मेंदूच्या कपाळामागील खंडाचा काही भाग काढला होता, अशा रुग्णांना माँट्रियल येथे ब्रेंडा मिल्नर यांनी ही चाचणी दिली. १९६३ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. पहिला नियम हे रुग्ण शोधीत. पण तो बदलल्यावरही त्यालाच चिकटून राहत. काही जण तर ‘चूक’ असे स्वतःच म्हणत, आणि हात पुन्हा त्याच ढिगाकडे जाई!

१९९७ साली वुल्फ्रम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा पुढे ठेवला. अपेक्षित रस मिळाला नाही, तर नेमक्या त्या क्षणी माकडाच्या मेंदूतील डोपामिन पेशींचे स्पंदन मंदावते. म्हणजे जेथे अपेक्षा आहे, तेथेच नकाराला अर्थ आहे.

चूक कळणे आणि चूक सुटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्याला ‘चुकलास’ एवढेच सांगून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या आपण सर्वांनी, त्या रुग्णांचा हात एकदा आठवून पाहावा.