दोष काळाचा नव्हे

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचे संग्राहक आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांच्यात एक मत सिद्धान्तासारखे रूढ झाले आहे. रिकनबॅकर कंपनीच्या पिकअपमधले, म्हणजे तारांच्या कंपनाचा विद्युत संकेत करणाऱ्या भागातले, नालाकृती चुंबक वयोमानाने थकतात, वाद्याचा आवाज क्षीण आणि बोथट होतो. तेव्हा असे वाद्य हाती आले की चुंबक आधी नव्याने चार्ज करून घ्यावेत, असे हे मत सांगते. त्यातला निष्कर्ष कधीकधी बरोबर निघतो. कारण मात्र चुकीचे दिलेले असते. आणि कारण चुकले की उपायही भलत्याच जागी होतो.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडू. जॉर्ज बीचम याने १९३१ साली या पिकअपचा नमुना सिद्ध केला. १९३२ पासून तो ‘फ्राइंग पॅन’ या ॲल्युमिनियमच्या लॅप स्टील गिटारवर बसून बाजारात आला आणि १९३७ साली बीचमला त्याचे पेटंट मिळाले. यात दोन नाल समोरासमोर असतात. एक खर्जाच्या बाजूने, दुसरा टीपेच्या बाजूने तारांना कवेत घेतो आणि तारा त्यांच्या पोकळीतून जातात. त्या काळचे चुंबक टंगस्टन किंवा कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचे असत. टंगस्टन पोलादाचे चुंबकत्व पुसायला साठ-सत्तर ओर्स्टेडचे विरोधी क्षेत्र पुरते. धातुशास्त्रज्ञ होंडा यांनी १९१७ साली शोधलेल्या कोबाल्ट पोलादाला अडीचशेच्या आसपास लागते. पुढच्या काळातल्या अल्निको-५ या मिश्रधातूला सहाशेहून अधिक. एवढ्या हळव्या धातूला नव्वद वर्षांचा काळ भोवणारच, असे पूर्वपक्ष म्हणतो.

धातू हळवा आहे, हे मान्य. पण तो काळापुढे हळवा आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. चुंबकित केलेल्या पोलादाची आपोआप होणारी घट लॉगरिथमच्या चालीने होते. पहिल्या वर्षापासून दहाव्यापर्यंत जेवढी घट, साधारण तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. म्हणजे जे काही गळायचे ते बहुतांशी कारखान्यात आणि पहिल्या मालकाच्या हातातच गळून गेलेले असते. कडक केलेल्या पोलादाची अंतर्रचना सुरुवातीला थोडी बदलते, हेही खरे. पण त्यावरचा इलाज स्त्रौहाल आणि बारुस या संशोधकांनी १८८० च्या दशकातच शोधला होता: चुंबक वाफेत तापवून आधीच ‘पिकवायचा’, म्हणजे पुढे तो स्थिर राहतो. विजेची मोजमापे करणारी जुनी मीटरे पोलादाच्या कायम चुंबकांवरच चालत. निव्वळ काळाने चुंबक ढासळत असते, तर त्या मीटरांच्या आकड्यांवर कोणी विसंबले नसते.

मग क्षीण झालेले चुंबक सापडतात, ते कसे? कोणीतरी काहीतरी केलेले असते म्हणून. नाल खाली आपटतो. ट्रान्सफॉर्मर असलेली सोल्डरिंग गन त्याच्या शेजारी चालवली जाते आणि तिचे उलटसुलट होणारे क्षेत्र चुंबकत्व पुसत जाते. सगळ्यात फसवा प्रकार चुकीच्या जोडणीचा. या पिकअपमध्ये दोन्ही नालांची वरची टोके एकाच ध्रुवाची असावी लागतात आणि खालची दुसऱ्या. तरच तारांमधून जाणारे क्षेत्र एकमेकांना पूरक ठरते. दुरुस्तीत एक नाल उलटा बसला, तर दोघांची टोके एकमेकांना ओढून घेतात, क्षेत्र तारांना टाळून एका नालातून दुसऱ्यात फिरत राहते आणि आवाज पडतो. चुंबक ठणठणीत असतो आणि निदान मात्र वार्धक्याचे होते!

काळाला दोष देणाऱ्यांनी या जोडीकडेच साक्ष मागावी. दोन्ही नाल एका वयाचे, एका धातूचे, एकाच वाद्यात राहिलेले. काळच चोर असेल तर दोघांची झीज सारखी हवी. गॉसमीटर लावल्यावर एक नाल दुसऱ्यापेक्षा बराच दुबळा निघाला, तर तिथे काळ नव्हे, अपघात घडला आहे.

दुसरा आक्षेप आवाजाच्या हिशेबाचा. पिकअपचा आउटपुट स्थूलमानाने चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात बदलतो. क्षेत्र दहा टक्क्यांनी घटले, तर पातळी एका डेसिबलनेही उतरत नाही. सहा डेसिबल उतरायला क्षेत्र निम्मे व्हावे लागते. आणि बोथटपणा तर बहुधा चुंबकाचा नसतोच. पिकअपच्या तारेच्या गुंडाळीतले वेढे इनॅमल उडून आपसात शॉर्ट झालेले असतात, नाहीतर टोनचा कपॅसिटर बिघडलेला असतो. ते न तपासता चार्जिंगला धावणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता औषध देणे.

म्हणून चार्जिंग वर्ज्य ठरते का? मुळीच नाही. ‘चुंबकाला हात लावलात की वाद्याचे अस्सलपण गेले’ हे दुसऱ्या टोकाचे मतही तितकेच पोकळ आहे. हे पोलाद कारखान्यातही बाहेरच्या क्षेत्रानेच चुंबकित केले होते. तीच क्रिया पुन्हा केल्याने त्याच्या घडणीत काही बदलत नाही. अट एवढीच की आधी पुरावा हवा. होकायंत्राने चारही टोकांचे ध्रुव तपासा, दोन्ही नालांचे माप घ्या, गुंडाळीचा रोध पाहा. नाल खरोखर दुबळा ठरला, तर त्याची टोके मृदू लोखंडाच्या पट्टीने जोडून, भोवती गुंडाळलेल्या तारेतून डीसी प्रवाहाचा जोरदार झटका द्या किंवा मोठा विद्युतचुंबक वापरा. दिशा पूर्वीचीच ठेवा आणि ती पट्टी नाल पिकअपमध्ये बसेपर्यंत काढू नका. उघड्यावर आलेले क्षेत्र जेवढे घसरते, तेवढे पट्टी पुन्हा लावल्याने भरून येत नाही. टोकांवर निओडिमियमचा तुकडा घासण्याचा सोपा उपाय टाळलेला बरा, कारण त्याने टोके भारली तरी वळणाचा भाग कच्चा राहण्याचा धोका असतो, आणि दिशा चुकली तर आहे तेही जाते.

चार्जिंगनंतर तेच माप पुन्हा घ्यावे आणि दोन्ही आकडे वाद्याबरोबर लिहून ठेवावेत. आकडा वाढला नाही, तर दोष दुसरीकडे होता हे उघड होईल; वाढला, तर पुढच्या कारागिराला ‘चुंबक म्हातारा झाला’ असे अंदाजाने म्हणण्याची गरज उरणार नाही.