साभार परत

खिशातला फोन इथेच ठेवा, तिकडे त्याचा काही उपयोग नाही. पायांत वहाणा चढवा, ते खाकी पाकीट काखेत नीट धरा आणि माझ्या मागून या. चर्नी रोड स्टेशनाचा जिना उतरलात की १९५८ साल लागतं.

मे महिना आहे. सदरा पाठीला चिकटलाय. चौपाटीकडून येणारा वारा खारट आणि कोमट, तोंडावरून ओला पंचा फिरवावा तसा. ट्राम घंटा घणघणवत येते, वळणावर तिची चाकं अशी करकरतात की दात शिवशिवतात. बाजूला व्हा! हातगाडीवाला कुणासाठी थांबत नाही. दोन्ही बाजूंना चाळी, कठड्यांवर धोतरं आणि लुगडी वाळत घातलेली. एका दारातून शेगडीचा धूर येतो, दुसऱ्यातून तळलेल्या बोंबलाचा वास, तिसऱ्यातून पेंढ्यात पिकत घातलेल्या हापूसचा. पोटात कालवाकालव होते ती भुकेनं नव्हे. ती त्या पाकिटामुळे.

पाकिटात तुमची कथा आहे. गावाकडे कंदिलाच्या उजेडात तीन महिने लिहिलेली, फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात, डावीकडे समास सोडून. सोबत एक पत्र. आणि तुमचाच पत्ता लिहून तिकिटं डकवलेलं दुसरं पाकीट, कारण तिकिटं नसली तर नापसंत साहित्य परत मिळत नाही. स्वतःच्या नकारासाठी टपालखर्च भरताना हात थोडा कापला होता ना? सगळ्यांचाच कापतो.

विलायतेत लेखकाचा एजंट असतो. नवख्याचं पत्र आधी त्याच्या टेबलावर जातं, मग पुढची दारं उघडतात. इथे मराठीत असा मधला माणूस नाही. इकडे तुम्ही, तिकडे संपादक, आणि मध्ये फक्त पोस्टमन. तुम्ही तर त्याच्यावरही भरवसा न ठेवता स्वतः आलात.

ही खटाववाडी. आत शिरा. आधी येतो तो आवाज, छपाईयंत्राचा एका लयीतला धडधडाट, तळपायांतून वर चढणारा. मग वास येतो शाईचा, तेलाचा, ओल्या प्रुफांचा. कंपोझिटर केससमोर उभा आहे. त्याची बोटं न बघता खिळे उचलतात, टिक टिक टिक, आणि कुणाचं तरी वाक्य शिशात उभं राहतं. इथूनच ‘सत्यकथा’ निघतं. १९३३ साली सुरू झालेलं मासिक, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही नावं त्याच्याशी कायमची जोडलेली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथा इथे छापून आल्या. १९८२ साली हे मासिक बंद पडेल, हे आज इथे कुणालाच ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका.

पाकीट ढिगावर ठेवलंत? आता प्रवासाची खरी गंमत. मी तुम्हाला अदृश्य करतो. संपादकांच्या टेबलामागे उभे राहा आणि श्वास रोखा.

पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून ढिगांवर वजनं ठेवलीत. नागपूर, सातारा, बेळगाव, इंदूर, सगळीकडची पाकिटं. तुम्हाला चेहरा दिसत नाही, दिसतो फक्त एक हात आणि त्यातली पेन्सिल.

पहिलं पत्र चार पानी. जन्म, शिक्षण, हेडमास्तरांनी केलेलं कौतुक, आणि कथेचं सगळं कथानक. हात ते शेवटपर्यंत वाचतो, घडी घालतो आणि कथेकडे वळतो. दुसरं पत्र म्हणतं, ‘कथा वाचून आपले डोळे पाणावतील याची खात्री आहे.’ हात क्षणभर थबकतो. पत्रातच डोळे पाणावून घ्यावे लागले, म्हणजे लेखकाचा कथेवर पुरता विश्वास नाही. तरीही कथा उघडली जाते. पत्र हा नमस्कार आहे. नमस्कारावरून माणूस थोडासा कळतो, त्याची कथा कळत नाही.

आता तुमचं. ‘स. न. वि. वि. सोबत एक कथा पाठवत आहे. परतीची तिकिटं जोडली आहेत. लोभ असावा.’ बस्स. हे बरं केलंत.

पहिलं पान. पेन्सिल उचललेलीच. दुसरं पान. घामाचा थेंब मानेवरून खाली उतरतो, पण पुसू नका. तिसऱ्या पानावर एस. टी. स्टँडवर उभी असलेली आई आहे. मुलगा शहराकडे निघालाय. तिला त्याला डब्यातली दशमी द्यायची आहे आणि फडक्याची गाठ सुटत नाही. पेन्सिल समासात एक बारीक टिंब ठेवते. हात खाली सरकतो. पुढचं वाक्य तुम्हाला पाठ आहे: ‘तिच्या नयनांतून आसवांचा महापूर लोटला.’ पेन्सिल त्याच्याखाली सावकाश रेघ ओढते, टोकापासून टोकापर्यंत.

चला, आता गावाकडे. पावसाळा लागलाय. पागोळ्यांखाली घंगाळ भरून वाहतंय, ओल्या गोणपाटाचा वास घरभर. रोज दुपारी पोस्टमनच्या सायकलीची घंटा ऐकली की तुम्ही ओसरीवर. लिहिणाऱ्यांना एक गणित हातानंच कळतं: पाच नव्या पैशांचं कार्ड आलं तर स्वीकार, जाड पाकीट आलं तर साभार परत.

पाकीट जाड आहे.

घरात कुणाला दाखवत नाही तुम्ही. माजघरात, अर्ध्या अंधारात फोडता. आणि तुमच्या चौदा पानांतून एक पंधरावं गळून पडतं. छापील चिठ्ठी नव्हे, हातानं लिहिलेलं पत्र. त्यात पानांचे आकडे आहेत, परिच्छेदांचे आहेत. तिसऱ्या पानाबद्दल एकच ओळ: ‘गाठ सुटत नाही, एवढं पुरेसं आहे. पुन्हा लिहून पाठवावं.’

कान गरम होतात. आधी राग येतो, मग घशात काहीतरी दाटतं. तुम्हाला कधी न भेटलेल्या, तुमचं गाव न पाहिलेल्या कुणीतरी तुमच्या आईकडे तुमच्यापेक्षा लक्ष देऊन पाहिलंय. या मासिकाकडून अशी पत्रं कितीतरी जणांना गेली. काहींनी तीच कथा पुन्हा पुन्हा लिहिली, तर काही दुखावले आणि पुन्हा फिरकले नाहीत. मला विचाराल तर नकारासोबत इतकं बारीक वाचन मिळणं ही लेखकाची पहिली कमाई आहे. होकार त्यानंतरचा.

रात्र झाली. बाहेर बेडूक ओरडताहेत, कंदिलाची काच काजळलीय. महापुराचं वाक्य खोडा. आता मोठ्यानं वाचा: ‘फडक्याची गाठ तिला सुटेना.’ एस. टी. सुटली, ते पुढच्या ओळीत येऊ द्या.

आणि उद्या पोस्टात जाल, तेव्हा तिकिटं दोन पाकिटांपुरती घ्या.