किंग्ज सर्कलचं सामायिक टेबल

मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचं कागदोपत्री नाव माहेश्वरी उद्यान. पण रविवारी सकाळी नऊनंतर इथे येणाऱ्या माणसाचं बागेशी काही काम नसतं. तो भाऊ दाजी मार्गाकडे वळतो, कॅफे मद्रासबाहेरच्या घोळक्यात शिरतो, वहीवाल्याला नाव आणि ‘किती जण’ ते सांगतो आणि फुटपाथवर उभा राहतो. जागा झाली की आतून नाव पुकारलं जातं. दोघं असाल तर चौघांचं टेबल तुमच्या एकट्यांचं होत नाही. समोरच्या दोन खुर्च्यांवर कुणीतरी अनोळखी येऊन बसतं आणि पहिला घास तोंडात जायच्या आत चटणीची वाटी इकडून तिकडे सरकलेली असते.

आत गलका असतो. दाराशी नावं पुकारली जात असतात, वेटर स्वयंपाकघराकडे तोंड करून ‘दो रागी, एक रस्सम वडा, कॉफी दो’ असं ओरडत असतो, स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर आदळत असतात, आणि या सगळ्यावरून बोलायचं म्हणून प्रत्येक टेबल आवाज चढवत असतं. माझ्याबरोबर आलेल्या पाहुण्यांना पहिल्यांदा हा गोंगाट सोसवत नाही. मला तो प्रिय आहे. मी वडाळ्याला राहते, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आणि मला असं ठामपणे वाटतं की या शहरात माणसं एकमेकांशेजारी बसून जेवायला कशी शिकली, त्याचा इतिहास या गोंगाटात आहे.

त्याची सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे रोगी ओळखले आणि पाहता पाहता मुंबई रिकामी होऊ लागली. दाटीवाटीच्या वस्त्या हेच साथीचं मूळ आहे, असं ठरवून सरकारनं १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागात तेव्हा शेतं आणि माडांच्या वाड्या होत्या. ट्रस्टनं तिथे रुंद रस्ते, बागा आणि मोकळ्या हवेच्या तीन मजली इमारती आखल्या. १९२० आणि ३० च्या दशकांत त्या भरू लागल्या. माटुंग्याला रेल्वेचा कारखाना होता, बंदर दूर नव्हतं आणि फोर्टातल्या कचेऱ्यांना टंकलेखन, लघुलेखन आणि हिशेब जाणणारी माणसं हवी होती. मद्रास इलाख्यातून आलेल्या तमिळ, मल्याळी आणि कानडी कारकुनांनी माटुंग्यात बिऱ्हाडं केली. त्यांच्यात एकटे पुरुष पुष्कळ. खोलीत चूल नाही, घर दूर, आणि सकाळी कचेरी गाठायची. माटुंग्याचा नाश्ता या गरजेतून जन्मला.

ही गरज भागवणारी माणसं समुद्रावरून आली. दक्षिण कानडा जिल्हा तेव्हा मद्रास इलाख्यात होता. तिथून मुंबईला यायचं तर किनाऱ्यानं आगबोट हा मोठा मार्ग होता आणि पावसाळ्यात तोही बंद. मंगळूर ते मुंबई थेट रेल्वे कोकण रेल्वेमुळे १९९८ मध्ये झाली, हे लक्षात घेतलं की त्या प्रवासाची दूरता कळते. पण या लोकांजवळ एक विद्या होती. तिथल्या उडुपीच्या कृष्णमंदिराची व्यवस्था मध्वाचार्यांच्या परंपरेतले आठ मठ पाळीपाळीनं पाहतात. ही पाळी, म्हणजे ‘पर्याय’, दर दोन वर्षांनी बदलते, आणि ज्या मठाची पाळी असेल त्यानं येणाऱ्या भक्तांना जेवू घालायचं. हजारो पानांचा स्वयंपाक, कांदा-लसणाशिवाय, सोवळ्यात आणि वेळेवर, हे शिकलेले आचारी त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत होते. शहरात हॉटेल चालवायला आणखी काय लागतं?

मुंबईत ‘उडपी’ या एका नावाखाली निरनिराळे लोक मोडतात. तुळू बोलणारे शिवळ्ळी ब्राह्मण आहेत, नंतर आलेले बंट शेट्टी आहेत, आणि कोकणी बोलणारे सारस्वतही आहेत. या सारस्वतांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोवा सोडून दक्षिणेकडे गेले होते. १९४० मध्ये गोपाळ कामत यांनी कॅफे मद्रास सुरू केलं. दोन वर्षांनी ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाजवळ उभं राहिलं, आणि ते अजूनही केळीच्या पानावर जेवण वाढतं. युद्धाचे दिवस होते आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. तांदळावर जगणारा धंदा तांदूळ मोजून मिळण्याच्या काळात टिकवून धरणं सोपं नव्हतं.

गिऱ्हाईक मात्र वाढत होतं. व्हीजेटीआय १९२३ मध्ये माटुंग्याला आलं होतं, १९३७ मध्ये रुईया आणि खालसा ही कॉलेजं निघाली. कारकुनांच्या जोडीला विद्यार्थी आले. मीही रुईयाची. आमच्या वेळी खिशातले पैसे एकत्र करून मागवलेल्या डोशाचे तुकडे करताना, शेजारच्या खुर्चीवर कुणी निवृत्त गृहस्थ ‘हिंदू’ दैनिक वाचत बसलेले असायचे, आणि आमच्या बडबडीवर त्यांची कधी हरकत नसायची.

हे अन्न किती मेहनतीचं आहे, ते बघायचं असेल तर तव्याजवळ उभं राहावं. लांबरुंद लोखंडी तवा तापलेला असतो. आचारी त्यावर पाणी शिंपडतो, ते चर्रर्र करून नाचतं, आणि हिराच्या आखूड झाडणीनं तो तवा झाडून घेतो. पाण्यानं तवा हवा तेवढाच निवतो. फार तापलेल्या तव्यावर पीठ जागीच धरतं आणि पसरत नाही. मग वाटीच्या बुडानं, आतून बाहेर, न थांबता एक फेरा. नाचणीचा डोसा असेल तर रंग तपकिरी-लालसर आणि कड जाळीदार. लोणी पडलं की ते जाळीत उतरतं. यामागे आदल्या दिवसाचं काम असतं. उडीद आणि तांदूळ वेगवेगळे भिजवायचे, वेगवेगळे वाटायचे आणि रात्रभर आंबू द्यायचे. विजेवर चालणारे रगडे येईपर्यंत हे वाटण हातानं होत असे. दगडी रगड्याशी बसलेल्या माणसाचे खांदे आणि मनगटं सकाळच्या त्या मऊ इडलीत असत.

ते खांदे पुष्कळदा पोरांचे असत. या धंद्याचा इतिहास लिहिताना ही गोष्ट वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. दहा-बारा वर्षांची मुलं गावच्या ओळखीनं मुंबईत यायची. आधी टेबलावर फडका मारायचा, मग कपबश्या विसळायच्या, मग पाणी द्यायचं. रात्री हॉटेल बंद झालं की टेबलं जोडून त्यावरच झोपायचं. त्यांच्यातल्या काहींना रात्रशाळेनं वर काढलं. फोर्टातली, दक्षिण कानड्यातल्या मोगवीर समाजाची रात्रशाळा १९०८ पासूनची, आणि पुढे कानडी माध्यमाच्या आणखी रात्रशाळा मुंबईत निघाल्या. दिवसभर ताटं उचलून रात्री बाकावर बसणारी ही मुलं मॅट्रिक झाली, बँकेत लागली, वकील झाली, काहींनी स्वतःची हॉटेलं काढली. पण सगळी वर आली नाहीत. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवण्यावर देशभर बंदी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना या मुलांची आठवण आधी काढली पाहिजे.

आता टेबलाकडे येते. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या शेजारी बसायचं, यावर आपल्या समाजानं जात उभी केली. मंदिरातून आलेली ही पाकविद्या त्यातून सुटलेली नव्हती. सुरुवातीच्या उडपी हॉटेलांत आचारी ब्राह्मण असणं हीच मोठी जाहिरात होती. मद्रासच्या बाजूला ब्राह्मणांची बसायची जागा वेगळी असे. मद्रासमध्ये मरीना किनाऱ्याला लागून असलेल्या तिरुवल्लिकेणीत एका हॉटेलाच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द काढावा म्हणून पेरियार यांच्या अनुयायांनी १९५७ मध्ये आंदोलन केलं. खुद्द उडुपीच्या मठातल्या पंक्तिभेदाविरुद्ध या शतकातही आंदोलनं झाली. त्याच मंदिरात कनकदासांची कथा सांगतात. धनगर कुळातल्या या संताला आत प्रवेश नव्हता, म्हणून कृष्णाची मूर्ती पश्चिमेकडे वळली आणि भिंतीतल्या झरोक्यातून तिनं त्यांना दर्शन दिलं. कथा सुंदर आहे, पण कनकदास बाहेरच राहिले, हेही त्याच कथेत आहे.

मुंबईत हे बदललं ते दोन वाटांनी. पहिली वाट कायद्याची. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलं आहे की धर्म, जात, लिंग वा जन्मस्थानावरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही. देशाच्या घटनेत हॉटेलाचा उल्लेख असावा, याचं वर्गातल्या मुलांना नवल वाटायचं. मी त्यांना सांगत असे, की डॉ. आंबेडकरांच्या देशात पाण्याचा पेला आणि बसायची जागा हे नागरिकत्वाचेच प्रश्न होते.

दुसरी वाट धंद्याची. स्वस्त नाश्ता विकायचा तर एकेका खुर्चीवर सकाळभरात अनेक गिऱ्हाइकं बसली पाहिजेत. चौघांच्या टेबलावर दोघांना पसरून बसू देणं परवडत नाही. म्हणून टेबल सामायिक झालं, आणि वेटरनं बसवलं तिथे बसायचं ही रीत पडली. बसवताना तो जात विचारत नाही, कारण त्याला तेवढा वेळच नसतो. भाडं, लोणी आणि कॉफी यांच्या हिशेबातून निघालेल्या या रीतीनं पुष्कळ घरांतले पुष्कळ विटाळ गुपचूप संपवले.

बायकांचा प्रश्न यानंतरचा. माझ्या आईच्या तरुणपणी हॉटेलात ‘फॅमिली रूम’ असे. पडदा लावलेली किंवा लाकडी फळ्यांनी आडोसा केलेली ती कोंदट जागा. आई मसाला डोसा खायला जायची ती वडिलांबरोबर, आणि बसायची पडद्याआड. बाहेरच्या हॉलमध्ये पुरुष मोठमोठ्यानं बोलत, आत बायका हळू आवाजात. पुढे आम्ही मैत्रिणी बाहेरच्या हॉलमध्ये बसू लागलो तेव्हा आईला आधी संकोच वाटला, मग तीही आमच्याबरोबर येऊन बसली आणि सांबार गार आहे म्हणून वेटरला खणखणीत आवाजात हाक मारली. आज रविवारच्या गलक्यात बायकांचे आवाज निम्म्याहून अधिक ऐकू येतात. फॅमिली रूम माटुंग्यातून गेली याचा मला मनापासून आनंद आहे.

हे सगळं सरळ रेषेत घडलं नाही. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि पुढची काही वर्षं दाक्षिणात्यांविरुद्धच्या रोषात उडपी हॉटेलांवर हल्ले झाले. मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता. पण पहाटे चारला उठून पीठ वाटणाऱ्या माणसाच्या काचा फोडून तो सुटणारा नव्हता, आणि सुटलाही नाही. हॉटेलं पुन्हा उघडली, तीच मराठी माणसं पुन्हा तिथे बसली. १९७४ मध्ये कर्नाटकात कूळकायद्याची दुरुस्ती लागू झाली, जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या आणि अनेक बंट घराण्यांची शेती गेली. ती माणसंही मुंबईकडे वळली. शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर शेट्ट्यांची हॉटेलं दिसू लागली ती बहुतेक यानंतर, आणि इडलीच्या बरोबरीनं पावभाजी आणि चायनीज एकाच मेनूत आलं. माटुंग्यानं मात्र आपला सकाळचा पदार्थ सोडला नाही.

आता शहरात निराळ्या प्रकारची न्याहारी फोफावते आहे. मऊ दिवे, आगाऊ आरक्षण, दोन टेबलांमध्ये भरपूर अंतर आणि गप्पा बुडवणारं संगीत. तिथेही खाणं चांगलं मिळतं आणि माझी भाचरंडं आवडीनं जातात. पण तिथे तुमच्या समोर अनोळखी माणूस बसत नाही. त्या अंतराची किंमत बिलात असते आणि ती ज्यांना परवडते तेवढेच आत येतात. किंग्ज सर्कलच्या टेबलावर बंदराचा हमाल आणि हिंदू कॉलनीतला डॉक्टर एकाच पातेल्यातलं सांबार खातात, आणि दोघांनाही उठायची घाई करावी लागते, कारण बाहेर कुणाचं तरी नाव पुकारायचं राहिलेलं असतं.

म्हणून आवाजाची तक्रार करणाऱ्यांना मी एकच सांगते. खाण्याच्या जागेत शांतता हवी असेल तर माणसं वेगळी बसवावी लागतात, आणि वेगळं बसवण्याचा आपला इतिहास फार लांबलचक आणि फार दुःखाचा आहे. एकत्र बसण्याचा इतिहास त्या मानानं अगदी कोवळा. तो आचाऱ्यांनी, कपबश्या विसळणाऱ्या मुलांनी, कारकुनांनी, घटनाकारांनी आणि पडद्याबाहेर आलेल्या आमच्या आयांनी मिळून घडवला. समोरची खुर्ची कुणी मागितली तर पिशवी उचलून ती द्यावी. तेवढं केलं तरी आपण त्यात भर घातली असं मी मानते.